मादी वाळुंजाची फांदी हवी आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै महिन्यात आपल्या अंकात ओढ्याकाठच्या वृक्षारोपणाचे छायाचित्र आले होते. ते कात्रण मी जपून ठेवले आहे. बारा-तेरा माणसे, प्रत्येकाच्या हातात पिशवीतले रोप आणि मागे गढूळ पाणी. बातमीत रोपांची संख्या होती, उपस्थितांची नावे होती. झाड कोणते, तेवढे नव्हते. मी एकतीस वर्षे रोपवाटिकेत काम केले आहे, त्यामुळे माझी नजर माणसांआधी पानांवर जाते. भिंग घेऊन बसले तेव्हा दिसले, निम्मे गुलमोहर आणि उरलेले काशीद. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, काशीद आग्नेय आशियातला. दोन्ही रस्त्याच्या कडेला जगतीलही. पण इथे खड्डे खणले होते ते पात्राला अगदी लागून, जिथे पहिल्या मोठ्या पावसातच कमरेइतके पाणी चढते.

ऑगस्टात पूर येऊन गेल्यावर मी ती जागा बघायला गेले. बांबूचे कठडे खालच्या पुलाच्या खांबांना अडकून पडले होते. एका खड्ड्यात काळ्या पिशवीचा तुकडा होता, बाकीच्यांत वाळू भरून आली होती. रोप एकही जागेवर नव्हते. आणि त्याच काठावर, तिथून जेमतेम वीस पावलांवर, एक वाळुंजाचे झाड उभे होते. पुराने त्याला पार आडवे केले असणार, कारण शेंड्यापर्यंत गवताच्या पेंढ्या अडकल्या होत्या. पाणी उतरल्यावर ते पुन्हा उठले होते. त्याच्या बुंध्याशी वीतभर नवा गाळ बसला होता. म्हणजे ओढ्याने शेजारचे सगळे नेले आणि इथे मात्र माती ठेवून गेला.

रोपे लावायला आलेल्यांना मी दोष देत नाही. हौसेने आली होती माणसे, चिखलात उतरली होती. पण ओढ्याचा काठ म्हणजे रस्त्याची कड नव्हे. तिथे कोणते झाड टिकते, हे पाण्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. आपण ते विचारायला हवे होते. मला त्या एका झाडाबद्दल लिहायचे आहे, आणि त्याच्यासाठी आपल्या वाचकांकडे काही मागायचेही आहे.

वाळुंज हे नाव पुष्कळांना गावाचे किंवा आडनावाचे म्हणून ठाऊक असते. झाड म्हणून विचारले तर लोक गोंधळतात. विलो म्हटले की मात्र काश्मीर आठवते, क्रिकेटची बॅट आठवते. त्याच विलोच्या कुळातले हे आपले झाड. त्या कुळातली बहुतेक मंडळी थंड मुलखातली. उष्ण हवेत रमलेल्या थोड्यांपैकी हे एक. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला सॅलिक्स टेट्रास्पर्मा असे नाव दिले. टेट्रास्पर्मा म्हणजे चार बियांचे.

पान भाल्याच्या पात्यासारखे, ८ ते १५ सेंटिमीटर लांब. कडेला इतके बारीक दाते, की डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळतात. वरून हिरवे, खालून राखाडी-पांढुरके. कोवळ्या पानावर रेशमासारखी लव असते. वारा सुटला की सगळी पाने एकदम उलटतात आणि अख्खे झाड क्षणभर पांढरे होते. ‘वाळुंजाने पाठ फिरवली’ असे माझी आई म्हणायची. साल खरखरीत, उभ्या खोल भेगांची. आम्ही पोरे त्या भेगांत बोटे रोवून पाण्यावर आलेल्या फांदीपर्यंत चढायचो.

या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. पावसाळा सरता सरता पाने झडतात, मग नवी पालवी येते आणि पालवीबरोबर फुलोरे. नराचा फुलोरा पिवळा, लोंबता, बोटभर लांब आणि सुगंधी. मादीचा हिरवट, त्याला परागांची पिवळी धूळ नसते. पुढे त्यातली इवलीशी बोंडे उकलतात आणि पांढरा कापूस उडतो. त्या कापसाला चिकटलेले बी मोहरीपेक्षाही कितीतरी बारीक असते. आमच्या माहेरच्या ओढ्याला होती ती मादी. थंडीच्या दिवसांत तो कापूस धुण्याच्या दगडावर, ओल्या कपड्यांवर येऊन बसायचा. आई वैतागायची आणि एकेक चिमूट उचलून पाण्यात सोडायची. ते झाड मादी आहे हे तेव्हा आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. आमच्यासाठी ते फक्त कापसाचे वाळुंज होते.

रोपवाटिकेत लागल्यावर काही वर्षांनी माझ्या मनात आले की आपण सागाची, कडुलिंबाची, चिंचेची एवढी रोपे करतो, तर वाळुंजाची का नाही? माहेरी गेले तेव्हा तो कापूस डब्यात भरून आणला. इतर बियांसारखाच तो उन्हात वाळवला, डबा फडताळात ठेवला आणि जूनमध्ये गादीवाफ्यावर पेरला. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घातले. महिना झाला तरी एकही हिरवा ठिपका दिसेना. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. मला वाटले कापूसच पोकळ आहे. चूक माझी होती. विलोच्या बियांत पुढच्या हंगामापर्यंत टिकण्याइतका जीवच नसतो. झाडावरून सुटल्यापासून काही दिवसांत ओला गाळ मिळाला तर रुजायचे, नाहीतर संपायचे. म्हणून तर पूर ओसरून गेलेला, अजून ओला असलेला काठ त्यांना लागतो. मी त्यांना सहा महिने कोरड्या डब्यात कोंडून ठेवले होते.

झाड कसे वाढवायचे ते शेवटी ओढ्यानेच दाखवले. रोपवाटिकेच्या मागे एक ओहोळ होता. पुरात मोडून आलेली वाळुंजाची फांदी तिथल्या वाळूच्या ढिगात अर्धी गाडली गेली होती. दसऱ्याच्या सुमारास बघते तर तिला पाने! मी ती हळूच उपसली. वाळूत होता तेवढ्या भागात सालीतून पांढरी मुळे बाहेर आली होती. काही टाचणीच्या डोक्याएवढी, काही बोटभर लांब, दुधासारखी शुभ्र. ती तुकड्याच्या खालच्या टोकालाच नव्हती, सगळ्या अंगावर होती. साल कापून पाहिली तर आणखी काही गाठी आतच होत्या, बाहेर पडायच्या बेतात. मुळांची सुरुवात हे झाड फांदीतच घेऊन हिंडते. ओल मिळाली की ती फुटतात. माझा पेरणीचा सगळा खटाटोप बाजूला राहिला आणि मी ती फांदी पुन्हा जागेवर रोवली. आज तिचा बुंधा माझ्या कवेत मावत नाही.

तेव्हापासून मी वाळुंज छाटांवरच, म्हणजे फांदीच्या तुकड्यांवरच करते. पद्धत साधी आहे, पण दोन-तीन गोष्टी चुकल्या तर सगळे फसते, म्हणून सविस्तर लिहिते. पाने झडायला लागली की छाट घ्यायचे. अंगठ्याएवढ्या जाडीचे, हातभर लांब. काठ फार खचलेला असेल तर दोन हात लांब. फार कोवळी टोके कुजतात आणि फार जून लाकूड सुस्त असते. खालचे टोक तिरके कापायचे, वरचे सरळ. वरच्या टोकाला दोरा बांधायचा. हा दोरा मी पहिल्या वर्षी बांधला नव्हता. मदतीला आलेल्या बायकांनी आणि मी मिळून साठ छाट लावले, त्यांतले दहा-बारा उलटे लागले. ते फुटले, पण कुबडे राहिले. तीन वर्षांनीसुद्धा शेजारच्यांच्या खांद्याला आले नाहीत.

छाट बादलीत उभे ठेवायचे, निम्म्यापर्यंत पाणी, सावलीत. पाणी दर दोन दिवसांनी बदलायचे, नाहीतर वास सुटतो आणि साल बुळबुळीत होते. आठ-दहा दिवसांत सालीवर पांढरे टिपके उमटतात. ते दिसले की लगेच लावायचे. मुळे लांब होऊ दिली तर खोचताना मोडतात. मुळे फुटण्याची पावडर लागत नाही. पिशवीही लागत नाही. पहारीने तिरके भोक पाडायचे, छाटाचा दोन-तृतीयांश भाग जमिनीत आणि उरलेला वर, मग टाचेने माती दाबायची. खालचे टोक ओलीपर्यंत पोचले पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचे. वरची माती ओली आहे यावर भुलू नये. पहार बाहेर काढल्यावर तिच्या टोकाला ओला गाळ चिकटलेला दिसला, तर जागा बरोबर.

आणि लावायचे कधी? पावसाळ्याच्या तोंडावर नाही. याच एका मुद्द्यावर माझे रोपवाटिकेत कित्येकदा वाद झाले. आपल्याकडे झाड लावायचे म्हणजे जून-जुलै, हे डोक्यात पक्के बसले आहे. माळरानावर ते बरोबरच आहे, तिथे रोपाला चार महिन्यांचे पाणी मिळते. ओढ्याच्या काठावर मात्र हेच चार महिने रोपाला उपटून नेतात. तिथे पाणी उतरणीला लागल्यावर लावायला हवे. अश्विन-कार्तिकात काठ ओला असतो, ऊन सोसण्यासारखे असते, आणि पुढचा पूर येईपर्यंत मुळांना आठ महिने मिळतात. तेवढ्यात वाळुंजाची मुळे काठ धरून बसतात. राज्याच्या वृक्षलागवड मोहिमेचे उद्दिष्ट २०१६ साली २ कोटींचे होते, २०१७ला ४ कोटी, २०१८ला १३ कोटी आणि २०१९ला ३३ कोटी. ती सगळी वर्षे मी पिशव्या भरल्या आहेत आणि त्या कामाचा मला अभिमान आहे. आता फक्त एवढेच म्हणणे आहे, की एवढ्या आकड्यांतून ओढ्याकाठचा वाटा वेगळा काढावा आणि त्याचा महिना वेगळा ठरवावा.

काठावर जागा कुठली निवडायची तेही सांगते. ओढा वळतो तिथे बाहेरच्या अंगाला पाणी काठ कातरते आणि आतल्या अंगाला वाळू टाकते. वाळुंजाची गरज कातरणाऱ्या बाजूला असते. पाण्याच्या उन्हाळी रेषेच्या किंचित वर, दोन ओळी, एकमेकींच्या फटीत येतील अशा. तिथे कोवळ्या, लवचीक काड्यांची दाटी झाली की पुराचे पाणी त्यांच्यात शिरून मंदावते. काड्या मोडत नाहीत, पाण्याबरोबर आडव्या होतात. मंदावलेले पाणी सोबतचा गाळ तिथेच टाकते. दगडी भिंत पाण्याला अडवते खरी, पण तो जोर पुढे समोरच्या काठावर जातो. हे मी एकाच ओढ्याच्या दोन वळणांवर पाहिले आहे. भिंतीच्या खालचा समोरचा काठ दोन पावसाळ्यांत एका बैलगाडीइतका आत गेला. वाळुंजाचा काठ जिथल्या तिथे होता.

शेळ्यांपासून जपावे लागते. वाळुंजाचे कोवळे पान त्यांना फार आवडते. माझी पहिली ओळ एका दुपारीत साफ झाली होती. मग बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून कुंपण केले. मुळे धरलेली असल्यामुळे छाट बुडातून पुन्हा फुटले, आणि एकाचे तीन-चार कोंब होऊन आले.

आता वाळुंज कुठे लावू नये, तेही सांगायलाच हवे, नाहीतर उद्या कोणी दारात लावून मला नावे ठेवील. विहिरीजवळ, पाइपाजवळ, सांडपाण्याच्या टाकीजवळ मुळीच नको. पाण्याच्या शोधात याची मुळे बारीकशा फटीतून आत शिरतात. अरुंद पात्राच्या मधोमध नको, पुलाच्या मोरीपुढे नको. तिथे ते प्रवाह तुंबवते. लाकूड हलके आणि ठिसूळ, तेव्हा खाली वाहने उभी राहतात तिथे नको. आणि ज्या ओढ्याचा काठ जानेवारीतच भेगाळतो, तिथे त्याच्याकडून आशा धरू नये. वाळुंजाला बारा महिने पायाखाली ओल लागते. तसल्या ओढ्यावर करंज लावावा, जांभूळ लावावे, उंबर लावावा, अर्जुन लावावा. ही सगळी काठाचीच झाडे आहेत, पण थोडी वर उभी राहणारी. चांगल्या जुन्या ओढ्यावर बघा, उतरंड अशीच दिसते: पात्रातल्या खडकांत शेरणीची झुडपे, पाण्याच्या कडेला वाळुंज, त्याच्या वर करंज-जांभूळ, आणि सगळ्यात वर अर्जुनाचे पांढुरके खोड. ही उतरंड कोणी आखलेली नसते. प्रत्येक झाडाने पुराचे आणि कोरडीचे किती सोसायचे, ते आपापले ठरवलेले असते.

शोभेसाठी तळ्याकाठी, बागेत झाडे निवडणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. तिथे हौसेने मूळ चीनचा झुकत्या फांद्यांचा विलो लावला जातो. त्याचे पान सुंदर आहे, मला मान्य आहे. पण आपला वाळुंज वाऱ्यात चांदीसारखा होतो तो एकदा पाहावा. बागेत जिथे पावसाचे पाणी साठून राहते आणि दुसरे काही जगत नाही, तो सखल कोपरा याच्यासाठीच असतो. चार-पाच वर्षांतून एकदा जमिनीपासून हातभर ठेवून छाटला तर दाट झुडूप होते आणि छाटलेल्या फांद्या पुढच्या काठाला उपयोगी पडतात.

सालीबद्दल एक वाक्य लिहिते, कारण हे कळले की लोक कोयता घेऊन निघतात. विलोच्या सालीत सॅलिसिन नावाचे वेदना कमी करणारे द्रव्य असते. ते १८२८ साली वेगळे काढण्यात आले आणि त्याच धाग्यावरून पुढे १८९७ साली ॲस्पिरिन तयार झाले. पण गोळी कारखान्यात होते, झाडाच्या बुंध्यावर नाही. साल सोललेले झाड मी वाळताना पाहिले आहे. कृपा करून कोणी सोलू नये.

आता माझ्या मागणीकडे येते. मी पहिल्या वर्षी साठ छाट लावले, पुढे दरवर्षी तीस-चाळीस. ते सगळे मी ओहोळाच्या त्या एकाच झाडाचे घेतले होते. जवळ होते, जोमदार होते, दुसरीकडे कशाला जायचे? तीन-चार वर्षांनी फुलोरे आले. पहाटेपासून मधमाश्यांचा घुमारा, हवेत गोड वास. मी खुशीत होते. त्या थंडीत मी कापसाची वाट पाहिली, आला नाही. पुढच्या थंडीतही नाही. तेव्हा एकेक फुलोरा हातात घेऊन पाहत गेले. सगळे पिवळे. बोटाला पिवळी धूळ लागत होती. दोनशेच्या वर झाडे, आणि एकूण एक नर. नर असणारच, कारण ती दोनशे झाडे नव्हेतच. एकाच झाडाचे दोनशे तुकडे मी काठभर रोवले होते. त्यांना एखादा रोग आला तर सगळ्यांना एकदम येईल. आणि बी धरणार नाही म्हणजे मी छाट लावणे थांबवले की तो काठ पुढे स्वतःहून एकही नवे झाड उगवू शकणार नाही. एकतीस वर्षे रोपे करणाऱ्या बाईला हे उशिरा सुचले याचे दुःख मला आजही आहे.

तेव्हा मला माहेरचे कापसाचे वाळुंज आठवले. पावसाळा संपायची वाट पाहिली, पोती आणि दोरा घेतला आणि गेले. ओढा ओळखू येईना. उन्हाळ्यात तिथे खोलीकरणाचे काम झाले होते. यंत्राने दोन्ही काठ सरळ उभे कापले होते, खालचा मुरूम उघडा पडला होता. धुण्याचा दगडही नव्हता. भावाने सांगितले, काम चालू असताना तो चालकाला म्हणाला होता की तेवढे झाड ठेवा. चालक म्हणाला, आम्हाला आखणी दिली आहे, आखणीत झाड नाही. मी त्या कातीव काठावरून खाली-वर अर्धा कोस चालले. एखादे मूळ, एखादा कोंब राहिला असेल म्हणून. नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात तो उभा काठ जागोजागी ढासळला होता आणि खणलेला गाळ पुन्हा पात्रात आला होता.

पात्र खोल करू नये असे मी म्हणत नाही. पाण्याची गरज मला कळते, टंचाई मी भोगली आहे. पण यंत्र उतरण्याआधी दोन माणसांनी तो काठ एकदा चालून जावा. कोणती झाडे आहेत ती लिहावीत. ज्यांना हलवता येत नाही ती आखणीत घ्यावीत, म्हणजे चालकाला ती दिसतील. वाळुंजासारख्यांचे छाट आधीच काढून ठेवावेत आणि काम संपले की त्याच काठावर लावावेत. दोन माणसे, एक कोयता, दोन पोती आणि एक दिवस. रोपवाटिकांनीही एक वाफा ओढ्याकाठच्या झाडांचा ठेवावा. त्यात वेगवेगळ्या ओढ्यांवरून आणलेल्या नर आणि मादी वाळुंजांच्या फांद्या असाव्यात, प्रत्येकीवर कुठून आणली त्याची पाटी असावी.

मी मात्र वाफ्याची वाट पाहत थांबणार नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या शेताला, वस्तीला ओढा लागून असेल. येत्या थंडीत काठाने एक चक्कर मारावी. लांब पात्यांचे, वाऱ्यात पांढरे होणारे झाड दिसले तर फुलोरा पाहावा. पिवळी धूळ बोटाला लागली तर तो नर. हिरवट फुलोरा असेल आणि पुढे त्यातून कापूस उडाला, तर ती मला हवी असलेली मादी. तिच्या खोडाला एक चिंधी बांधून ठेवावी आणि आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात दोन ओळी कळवावे. पुढचा पावसाळा सरला की मी फांद्या न्यायला येईन. एका झाडाच्या चार-पाच पुरेत, पण वेगवेगळ्या ओढ्यांच्या मिळाल्या तर फार बरे. बदल्यात नराचे छाट घेऊन येईन. आपल्या काठावर नुसत्या माद्याच असतील तर त्यांनाही ते लागतीलच. मला यायला जमले नाही आणि कोणी कोणाच्या हाती पाठवणार असेल, तर फांद्या ओल्या पोत्यात गुंडाळाव्यात, दोन दिवस सहज टिकतात. शेंड्याकडच्या टोकाला दोरा बांधायला तेवढे विसरू नये.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त रोपवाटिका कामगार